पंधराव्या वर्षाची गाणी : जपानी सेइशुन-गीतं ऐकायला सुरुवात कशी करावी

माझी भाची दहावीत आहे. दिवाळीत ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हा दिवसभर कानात हेडफोन घालून एकच जपानी गाणं ऐकत होती. काय ऐकतेस विचारलं तर म्हणाली, "मावशी, शब्द एक कळत नाही, पण माझ्याच मनातलं चाललंय असं वाटतं." मी जपानी शिकले आहे, आणि ही सेइशुनची, म्हणजे शाळकरी तरुणपणाची गाणी माझीही फार जिवाभावाची. मग तिच्यासाठी एका वहीत थोडं थोडं लिहून देत गेले. तीच वही इथे नीट मांडते आहे. जपानी न येणाऱ्यांसाठी, नुकतंच एखादं गाणं कानावर पडलेल्यांसाठी, आणि आपलं पोर हे काय ऐकतंय असा प्रश्न पडलेल्या आईबाबांसाठीही.

आधी शाळेचं वर्ष समजून घ्या

गाण्यांच्या याद्या नंतर. आधी भिंतीवरचं कॅलेंडर.

जपानमध्ये शाळा एप्रिलमध्ये सुरू होते आणि मार्चमध्ये संपते. सहा वर्षं प्राथमिक, तीन माध्यमिक, तीन उच्च माध्यमिक. त्यामुळे पंधराव्या वर्षी एकदा आणि अठराव्या वर्षी एकदा, ऐन मार्चमध्ये, 'सोत्सुग्यो' येते. सोत्सुग्यो म्हणजे शाळा पुरी करून बाहेर पडणं. एक ठरलेला दिवस, एक मोठं सभागृह, एकेकाचं नाव पुकारून दिलेला दाखला, आणि सगळ्यांनी उभं राहून म्हटलेली गाणी. टोकियोच्या बाजूला त्यानंतर थोड्याच दिवसांत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, फुलतो आणि दहाएक दिवसांत झडूनही जातो.

आपल्याकडचा निरोप समारंभ बोर्डाच्या परीक्षेआधी होतो. डोक्यात प्रिलिमचे गुण असतात, हातात समोसा आणि वेफर्सची पुडी असते, आणि रडायचं राहूनच जातं. शेवटचा पेपर झाल्यावर जो तो आपापल्या वाटेने जातो. तिथे मात्र निरोपाला स्वतःचा दिवस आहे, म्हणून त्या दिवसासाठी गाणंही लागतं. सोत्सुग्योची गाणी हा तिथल्या लोकप्रिय संगीताचा एक वेगळा, भरभक्कम कप्पाच आहे. १९८५ च्या सुरुवातीला 'सोत्सुग्यो' याच नावाची वेगवेगळ्या गायकांची चार गाणी पाठोपाठ आली होती.

बाकीचे महिनेही असेच गाण्यांत भरलेले असतात. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर सुट्टी, जत्रा, नदीकाठची आतषबाजी. शरद ऋतूत 'बुन्कासाइ', म्हणजे शाळेचा सांस्कृतिक महोत्सव, जिथे मुलांचे बँड पहिल्यांदा लोकांसमोर उभे राहतात. जानेवारी-फेब्रुवारीत प्रवेश परीक्षा. मग पुन्हा मार्च. मुलगा आवडत्या मुलीला गणवेशाच्या कोटाचं दुसरं बटण काढून देतो, कारण ते काळजाच्या सर्वांत जवळचं, असा तिथला जुना रिवाज. गाण्यात नुसतं 'बटण' आलं तरी तिथल्या ऐकणाऱ्याला पुढचं सगळं कळतं.

तर पहिलं काम एवढंच : नवं गाणं हाती आलं की ते कोणत्या महिन्याचं आहे ते शोधा. मी भाचीला चार याद्या करायला लावल्या, वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा अशा. आठवड्याभरात ती स्वतःच सांगू लागली, हे ऑगस्टचं, हे मार्चचं. मला ही गाणी इतकी भिडतात ती याचसाठी, की त्यांना शेवटची तारीख ठाऊक असते. त्यातली मुलं खिदळत असतात तेव्हाही ती तारीख जवळ येत असते.

'आओ' या रंगाची ओळख करून घ्या

तरुणपणाला जपानीत 'सेइशुन' म्हणतात. दोन अक्षरं : पहिलं 'आओ' या रंगाचं, दुसरं वसंताचं. आओ म्हणजे निळा, पण हिरव्यालाही तोच शब्द चालतो. रस्त्यावरचा हिरवा सिग्नलही त्यांच्याकडे 'आओ'च. शिवाय कच्चं फळ आओ, आणि अजून न पिकलेला माणूसही आओ. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचा शब्द मला 'कोवळं' वाटतो. 'तारुण्य' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विशी-पंचविशी येते. सेइशुन म्हटलं की गणवेश येतो.

हे कळलं की गाण्यांच्या नावांतला रंग दिसू लागतो. मिसेस ग्रीन ॲपल या बँडचं २०१८ चं 'आओ तो नात्सु', म्हणजे निळाई आणि उन्हाळा. गॅलिलिओ गॅलिलेइचं २०११ चं 'आओइ शिओरि', म्हणजे पुस्तकात ठेवायची निळी खूण. योआसोबीचं २०२० चं 'गुन्जोओ', म्हणजे चित्रकाराच्या डब्यातला गडद निळा. या शेवटच्यामागे 'ब्लू पिरियड' ही चित्रकथा आहे. तिच्यातला शाळकरी मुलगा अचानक चित्रांच्या नादी लागतो आणि कलामहाविद्यालयाच्या प्रवेशाचं मनावर घेतो. आवडीचं काम हाती धरलं की ते जमेनासं होण्याची भीतीही सोबत येते, हे त्या गाण्याने फार नेमकं पकडलं आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला बसलेल्या कुणालाही ते आधी ऐकवा.

'साबि' येईपर्यंत थांबा

नवखी मंडळी इथेच हातचं सोडतात. आपल्या गाण्यात ध्रुवपद पहिलं येतं, ते मनात बसतं, मग अंतरे. जपानी पॉप बहुतेकदा उलट्या वाटेने चालतं. आधी 'ए-मेलो' : खालचा सूर, बोलल्यासारखं, कुठे आहोत ते सांगणारं. मग 'बी-मेलो' : सूर चढू लागतो, ताल बदलतो, काहीतरी येणार अशी हुरहुर. आणि मग 'साबि', जिथे गाणं मोकळं होतं. हा साबि कधी कधी मिनिटभराने येतो. पंधरा सेकंद ऐकून पुढे ढकललं तर गाणं भेटलंच नाही असं समजा.

शेवटच्या साबिआधी बऱ्याचदा वाद्यं गळून पडतात आणि नुसता आवाज उरतो. याला 'ओचि-साबि' म्हणतात, पडता साबि. मी हातातलं काम तिथे थांबवते.

सरावासाठी बंप ऑफ चिकनचं २००१ चं 'तेन्ताइ कान्सोकु' घ्या. नावाचा अर्थ ताऱ्यांचं निरीक्षण. हे चौघे चिबा प्रांतातल्या साकुरा शहरातले, बालवाडीपासूनचे दोस्त. गाणं उघडतं ते रात्री दोन वाजता, रेल्वेच्या फाटकापाशी, पाठीवर दुर्बीण घेऊन. ए-मेलोत ही साधी हकिगत, बी-मेलोत गिटारी जवळ येतात, आणि साबित कळतं की शोध ताऱ्याचा नव्हताच, हातून निसटलेल्या कशाचा तरी होता. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा घड्याळ लावून हे तीन टप्पे कुठे बदलतात ते टिपा. तिसऱ्यांदा शब्दांचा अर्थ उघडा. हाच क्रम ठेवा. अर्थ आधी वाचला की कान आळशी होतो.

पहिलं पूर्ण समजून घ्यायचं गाणं : एक पत्र

एकच गाणं शब्दन्‌शब्द समजून घ्यायचं असेल तर ते अँजेला आकी हिचं 'तेगामि : हाइकेइ जूऽगो नो किमि ए', २००८ सालचं. तेगामि म्हणजे पत्र. 'हाइकेइ' हा जपानी पत्राचा रिवाजी मायना, आपल्या 'सा. न. वि. वि.' सारखा. म्हणजे नाव झालं, 'सा. न. वि. वि., पंधरा वर्षांच्या तुला'.

अँजेला आकीचे वडील जपानी, आई अमेरिकन, बालपण शिकोकू बेटावरच्या तोकुशिमात. सतरा-अठरा वर्षांची असताना तिने पुढच्या स्वतःला एक पत्र लिहिलं होतं. ते तिच्या आईने जपून ठेवलं आणि तिच्या तिसाव्या वाढदिवसाला तिच्या हाती दिलं. त्याच सुमारास एनएचके या सार्वजनिक वाहिनीच्या देशव्यापी शालेय समूहगायन स्पर्धेसाठी, माध्यमिक शाळांनी गायचं गाणं तिला करायचं होतं. ही स्पर्धा १९३२ पासूनची. त्या वर्षी जपानभरच्या वर्गांमध्ये बारा ते पंधरा वर्षांची मुलं हेच गाणं बसवत होती.

गाण्याची रचना पाहा. पहिल्या भागात पंधरा वर्षांचा जीव मोठ्या झालेल्या स्वतःला लिहितो : कुणाशी बोलता येत नाही असं मनात दाटलंय, पण तुला सांगता येईल. दुसऱ्या भागात मोठं माणूस उलट टपाली लिहितं. आता सगळं छान आहे, असं ते सांगत नाही. आजही दुखतं, आजही झोप लागत नाही अशा रात्री असतात, हे ते कबूल करतं, आणि म्हणून त्याचा धीर खरा वाटतो. मोठ्यांनी पोरांना असं कितीदा सांगितलंय? मी भाचीला हे गाणं अर्थ सांगत सांगत ऐकवलं तेव्हा दुसऱ्या भागाशी माझाच आवाज घोगरा झाला, आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

या एका गाण्यावर दोन आठवडे घालवा. शाळांच्या समूहगायनाची चित्रणं शोधून तीही ऐका. तिच्या पियानोवरचं गाणं एका बाईचं आहे. चाळीस मुलांनी वेगवेगळ्या आवाजांत म्हटलं की ते एका वर्गाचं होतं.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी इकिमोनो-गाकारी या त्रिकुटाने 'येल' केलं. पाठोपाठ तेही ऐकून टाका.

मराठी कानाचा फायदा घ्या

जपानी गाणी शिकायला बहुतेक जण रोमन लिपीतले शब्द वापरतात. तसं करू नका, देवनागरीत लिहा. जपानी स्वर पाच : आ, इ, उ, ए, ओ. त्यांची वर्णमाला अ, क, स, त, न, ह, म, य, र, व अशा क्रमाने चालते. हा क्रम ओळखीचा वाटत असेल तर त्याला कारण आहे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृतासाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून तो घडला. आपल्या आणि त्यांच्या अक्षरओळखीची ही जुनी सोयरीक आहे.

दीर्घ स्वरापुढे अवग्रह लावा : सोत्सुग्योऽ. आणि 'न्' सुटा आला तर त्याला स्वतःची मात्रा द्या. 'सेइशुन' गाताना चार ठोके होतात, से-इ-शु-न्. हे एकदा जमलं की गाण्याच्या मागे धापा टाकत पळावं लागत नाही.

वाक्याचा क्रमही आपलाच. 'किमि नो कोए ओ किइता'. किमि म्हणजे तू, नो म्हणजे चा, कोए म्हणजे आवाज, ओ हा कर्माचा प्रत्यय, किइता म्हणजे ऐकला. तुझा आवाज ऐकला. शब्दावर शब्द ठेवला तरी वाक्य सरळ उभं राहतं.

एका ठिकाणी मात्र मराठी अडते, आणि ती अडचण मला फार मोलाची वाटते. आपल्या क्रियापदाला लिंग आहे. 'मी गेलो' की 'मी गेले', हे ठरवल्याशिवाय आपल्याला वाक्य पुरं करता येत नाही. जपानी क्रियापद हे विचारतच नाही. वर 'बोकु' हा मुलग्यांच्या तोंडचा 'मी' गायिकाही सर्रास वापरतात. त्यामुळे गाण्यातला 'बोकु' आणि 'किमि' यांच्यात प्रेम आहे की मैत्री, मुलगा आहे की मुलगी, हे ऐकणाऱ्याच्या हाती राहतं. अर्थ लिहून काढताना मी अशा जागी 'गेलो/गेले' असं दोन्ही लिहून ठेवते. तुम्हीही ठेवा. एकच निवडून गाण्याचं दार लावून टाकू नका.

सुरुवातीला एवढे शब्द पाठ करा : होऽकागो (शाळा सुटल्यानंतरचा वेळ), क्योऽशित्सु (वर्ग), ओकुजोऽ (गच्ची), युमे (स्वप्न), आशिता (उद्या), नामिदा (आसवं), याकुसोकु (वचन), मादा (अजून). 'मादा' सगळ्यांत जास्त वेळा भेटेल.

रागाची गाणी टाळू नका

सेइशुन म्हणजे नुसती साकुराची फुलं नव्हेत. आईबाबांनी हा भाग जरूर वाचावा.

गायक ओझाकी युताकाचा पहिला अल्बम डिसेंबर १९८३ मध्ये आला, तेव्हा तो नुकताच अठरा वर्षांचा झाला होता. त्यातलं 'जूऽगो नो योरु', पंधराव्या वर्षाची रात्र, हे चोरलेल्या मोटरसायकलवरून रात्री सुसाट निघालेल्या मुलाचं गाणं. १९८५ च्या त्याच्या 'सोत्सुग्यो'मध्ये रात्रीच्या शाळेच्या काचा फुटतात. त्या काळात जपानी शाळांत केसांच्या लांबीपर्यंत नियम होते आणि वर्गांमधल्या हाणामाऱ्या हा सगळ्या देशाच्या काळजीचा विषय होता. त्याने स्वतः शाळा अर्ध्यावर सोडली, आणि १५ मार्च १९८४ ला, बरोबरीची मुलं दाखले घेत होती त्याच दिवशी, शिन्जुकूच्या एका छोट्या सभागृहात त्याने आपला पहिला कार्यक्रम केला. १९९२ मध्ये, सव्विसाव्या वर्षी तो गेला.

या गाण्याने पोर काचा फोडेल अशी भीती बाळगू नका. शेवटपर्यंत ऐका. त्या 'सोत्सुग्यो'च्या अखेरीस तो विचारतो की ही शाळा सुटली, पण अजून कितीदा असं सुटावं लागेल. हा प्रश्न माझ्या वयालाही लागू पडतो.

द ब्लू हार्ट्सचं १९८७ चं 'लिंडा लिंडा' मात्र उडी मारत ऐकायचं. तीन-चार सुरांचं पंक रॉक. सुरुवातीला गायक कोमोतो हिरोतो हळू आवाजात म्हणतो की गटारातल्या उंदरासारखं सुंदर व्हायचंय, फोटोत न दिसणारं सुंदर. मग ढोल कोसळतो. स्वतःचा चेहरा आरशात बघवत नाही त्या वयात हे वाक्य कानावर पडणं किती मोठी गोष्ट आहे! २००५ मध्ये 'लिंडा लिंडा लिंडा' हा चित्रपट आला, महोत्सवाला तीन दिवस उरलेले असताना हे गाणं बसवणाऱ्या चार मुलींचा. त्यावरून लॉस एंजेलिसच्या चार लहान मुलींनी आपल्या बँडचं नाव 'द लिंडा लिंडाज' ठेवलं.

अलीकडचा राग ऐकायचा तर आदो या गायिकेचं 'उस्सेऽवा', म्हणजे साधारण 'कटकट पुरे!'. ते २३ ऑक्टोबर २०२० ला आलं, तिच्या अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. शब्द नोकरी करणाऱ्या तरुणीचे, पण ते ओरडून म्हटलं शाळेतल्या पोरांनी.

गाणं कशासाठी लिहिलं आणि कशाचं झालं, ते बघा

रेमिओरोमेनचं २००४ चं 'सान्गात्सु कोकोनोका', म्हणजे ९ मार्च, हे बँडच्या मित्राच्या लग्नासाठी लिहिलेलं. एका जपानी टीव्ही मालिकेत ते वर्गाने मिळून म्हटलं, तारीख मार्चची होतीच, आणि ते शाळा सोडतानाचं गाणं होऊन बसलं. ऱ्याडविम्प्सचं २०१८ चं 'सेइकाइ', म्हणजे बरोबर उत्तर, हे एनएचकेच्या एका कार्यक्रमात अठराच्या आसपासच्या हजार मुलांसोबत गायलेलं. उत्तरपत्रिकेवर ज्यांचं उत्तर नसतं अशा प्रश्नांचं ते गाणं आहे. ('वेदरिंग विथ यू' हा चित्रपट चाहत्यांच्या मागणीनंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्याकडच्या थिएटरांत लागला, त्याचं संगीत याच बँडचं. तुमच्यापैकी काहींची ओळख तिथूनच झाली असेल.)

वाजवून बघा

घरात गिटार असेल तर एफ, जी, ई मायनर, ए मायनर, हे चार कॉर्ड याच क्रमाने फिरवा. याला तिकडे 'ओऽदोऽ शिन्कोऽ' म्हणतात, राजमार्ग. कितीतरी साबि याच वाटेने जातात. एफ जमत नसेल तर बारीक चार तारांपुरताच पकडा.

शाळेतल्या बँड-क्लबला 'केइऑन' म्हणतात. त्याच नावाची २००९ ची ॲनिमे मालिका आणि २०२२ ची 'बोच्चि द रॉक' या दोन्ही सुरुवातीला उत्तम. दुसरीतल्या चार मुलींची आडनावं एशियन कुंग-फू जनरेशन या योकोहामाच्या बँडच्या चौघांवरून घेतली आहेत, त्यामुळे मालिका आवडली की थेट त्या बँडकडे जा.

शोधताना गाण्याचं नाव जपानी लिपीत चिकटवा. रोमन नावाने शोधलं की भलतीसलती नक्कल-गाणी पुढे येतात. बँडची अधिकृत वाहिनी बघा. आणि 'द फर्स्ट टेक' या वाहिनीवर गायक पांढऱ्या खोलीत एकाच दमात गातात, तिथे श्वाससुद्धा ऐकू येतो.

शेवटी चिचिबु

टोकियोच्या वायव्येला, सैतामा प्रांतात, डोंगरांमधलं हे गाव. झोन या साप्पोरोच्या मुलींच्या बँडने २००१ च्या ऑगस्टमध्ये 'सीक्रेट बेस' गायलं होतं. सुट्टी संपताना दोघं ताटातूट होऊन जातात आणि दहा वर्षांनी ऑगस्टमध्ये पुन्हा भेटायचं वचन देतात. बरोबर दहा वर्षांनी, २०११ मध्ये, चिचिबुत घडणाऱ्या 'आनोहाना' या मालिकेच्या अखेरीला ते नव्याने वाजलं. झोन २००५ मध्ये मोडला होता. गाण्यातल्या वचनाखातर तोही त्या ऑगस्टमध्ये पुन्हा उभा राहिला.

त्याच चिचिबुत, कागेमोरी माध्यमिक शाळेत, १९९१ च्या फेब्रुवारीत एका संगीतशिक्षिकेला वाटलं की जाणाऱ्या मुलांना जगात दुसरीकडे कुठेही नसलेलं एक गाणं द्यावं. तिने मुख्याध्यापकांकडे शब्द मागितले. कोजिमा नोबोरु त्यांचं नाव, त्याच वर्षी निवृत्त होणार होते. आपल्याला तसलं काही येत नाही असं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या टेबलावर कविता होती. त्या शिक्षिकेनेच, साकामोतो हिरोमिने, कवितेला चाल लावली. शिक्षकांनी गुपचूप तालीम केली आणि निरोपाच्या कार्यक्रमात व्यासपीठावर चढून ते मुलांना गाऊन दाखवलं. एकदाच गायचं म्हणून केलेलं ते गाणं, 'ताबिदाचि नो हि नि', म्हणजे निघण्याच्या दिवशी, आता जपानभरच्या शाळांत म्हटलं जातं.

वहीच्या शेवटच्या पानावर मी भाचीसाठी याचे शब्द देवनागरीत उतरवले आहेत. तिचा शेवटचा पेपर मार्चमध्ये आहे. त्या संध्याकाळी आम्ही दोघी ते म्हणणार आहोत, वरचा आवाज तिचा, खालचा माझा.